हाती द्यावा

९ सप्टेंबर

बारक्या,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून लिहायला घेतलंय. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, आणि माझा आवाज चढला तरी तुला ऐकू येणार नाही. दोघांचीही सोय.

बाबांचं विचारलं होतंस. डॉक्टर म्हणतात, स्मृतिभ्रंश आता मधल्या टप्प्यात आहे. मधला म्हणजे काय, तर मी दवाखान्यातून केसपेपरची खिडकी बंद करून दुपारी घरी येते तेव्हा ते मला म्हणतात, "या, बसा, तुमचा फोटो वाळतोय." मी त्यांना गिऱ्हाईक वाटते. दिवसभर बोटं शर्टाच्या बटणांशी चाळा करत असतात. या महिन्यात तीन शर्ट बिनबटणाचे झाले. मी कामावर असताना शेजारच्या काकू बसतात त्यांच्याजवळ. गेल्या आठवड्यात अंघोळीला नेताना बाबांनी काकूंना असा चिमटा काढला की त्यांचा दंड काळानिळा झाला. चाळीस वर्षं स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग दिले, कुणाला चढ्या आवाजात बोलले नाहीत, त्या माणसाची ही गत.

एक मात्र थांबलंय. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून तुझी वाट बघायचे, हाका मारायचे, ते आता करत नाहीत.

तू 'एखादी चांगली संस्था बघ' म्हणालास. बघितली. दोन बघितल्या. तिथली माणसं भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली असतात. त्यावर मला पुन्हा बोलायचं नाही.

त्याऐवजी हे ऐक. वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशा माणसांसाठी चित्रांचा वर्ग सुरू झालाय, मंगळवारी आणि शुक्रवारी. काल पहिल्यांदा घेऊन गेले. वर्गाच्या बाईंनी प्रेमाने जाड खडूंची पेटी दिली. बाबांनी ती उचलली आणि भिंतीवर मारली. "मी काय बालवाडीत आलोय?" मला तर जमीन दुभंगावी असं झालं. पण बाई हसल्या. खडू गोळा करता करता म्हणाल्या, "चूक माझी. त्यांचा हात काय काम करायचा ते मला सांगा."

मी सांगितलं. काडीला कापूस गुंडाळून तेलाचा पातळ रंग कसा चोळायचे, ओठांना वेगळी काडी, गालांना वेगळी. बाई म्हणाल्या, मग त्यांना काळे-पांढरे फोटोच देऊया. गुळगुळीत नकोत, रंग धरेल अशा कागदावरचे. आई गेली तेव्हा फोटोंची पेटी तू उचलून नेलीस. त्यातले काही छापून पाठव. एवढं तरी कर.

ताई


२५ सप्टेंबर

ताई,

'एवढं तरी कर' हे तुझं आवडतं वाक्य आहे. तुझ्या नावाच्या पाटीखाली लिहून घे.

केलं. इथून दोन तासांवरच्या गावात एक म्हातारा छापून देतो. सहा फोटो पाठवतोय: आईचे दोन, तुझा शाळेतला एक, माझा सायकलवरचा, आपण चौघं पायरीवर, आणि स्टुडिओच्या दारातले बाबा. म्हाताऱ्याने विचारलं, रंगवणार कोण? मी म्हटलं, आमचे वडील. तो म्हणाला, असं काम करणारा कुणी जिवंत आहे होय!

पेटी उघडली आणि काम राहिलं बाजूला. फोटोंच्या मागच्या बाजूला बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर अजून आहे. 'कोट राखी, डोळे पिंगट.' तुला आठवतं, सगळं रंगवून झालं की बारीक ब्रश घेऊन डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायचे? "आता हा माणूस बघायला लागला," म्हणायचे. आणि गेलेल्या माणसाचा फोटो आला की सगळं दुप्पट निगुतीने करायचे, पण ठिपका द्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं का म्हणून. म्हणाले, ज्याचं बघणं संपलं त्याला आपण उगाच जागं करू नये. तसल्या फोटोच्या मागे 'हाती द्यावा' लिहायचे. पोस्टाने नाही, नोकराबरोबर नाही, घरच्या माणसाच्याच हातात. कितीही दिवस लागले तरी ठेवून द्यायचे.

बोगद्याचं काम दोन पाळ्यांत चाललंय. डोंगराच्या पोटात अकराशे मीटर गेलोय. मोजणीवाला मी एकटाच, त्यामुळे रजा म्हटलं की साहेबाचा चेहरा पडतो. हा टप्पा उरकला की येतो.

बारक्या


२२ ऑक्टोबर

बारक्या,

तुझा टप्पा गेली तीन वर्षं उरकतोय. असो.

फोटो मिळाले त्याच मंगळवारी वर्गाला नेले. बाईंनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं: रंगांच्या नळ्या, कापूस, काड्या, काचेचा तुकडा. बाबा बसले. पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग एक काडी घेतली, कापूस ओढला, आणि अंगठ्याने तो असा फिरवला की मला स्टुडिओत त्यांच्याजवळ बसून काढलेला माझा दहावीचा उन्हाळा आठवला. घरी शर्टाचं बटण लावता न येणारा माणूस, बारक्या! आईच्या साडीचा काठ त्यांनी रेषेबाहेर न जाता भरला.

दोन तास. मध्ये एकदाही उठले नाहीत, घरी जायचंय म्हणाले नाहीत. शेजारी एक निवृत्त कंडक्टरबाई बसते, तिला कशाचंच काही आठवत नाही, तिला शिकवत होते. "चोळू नका, बाई. गोंजारा." ती ऐकते. परत येताना रस्ताभर गुणगुणत होते आणि घरी आल्यावर ताट पुसून जेवले.

मी हुरळले, तेव्हा बाईंनी मला जमिनीवर आणलं. म्हणाल्या, "यानं आजार जाणार नाही. उद्या ते हे विसरतील. पण ते दोन तास त्यांचे असतात, आणि त्याची ऊब थोडा वेळ राहते." खरं आहे. ऊब साधारण दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत राहते. मग मी घरीही टेबल मांडलं. तीन आठवड्यांत एकही बटण तुटलेलं नाही आणि काकू आता बिनधास्त त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडतात.

त्यांनी आईला ठिपका दिला. अकरा वर्षं झाली तिला जाऊन, पण त्यांच्या लेखी ती आत चहा करते आहे. मी दुरुस्त केलं नाही.

तुझा सायकलवरचा फोटो सोबत पाठवते आहे.

ताई


७ नोव्हेंबर

ताई,

फोटो मिळाला. पाकीट फोडलं ते उभ्यानेच, आणि मग खाली बसलो.

सायकलचा तांबडा रंग त्यांना कसा आठवला? त्या फोटोत तर सगळं करडंच आहे. आणि गुडघ्यावरची जखम! ती पुसून टाकली असती गिऱ्हाइकासाठी, माझी ठेवली. पण खरं सांगू, माझ्या डोळ्यांतले ते ठिपके बघूनच मला भरून आलं. जरासे थरथरलेत, डावा थोडा मोठा झालाय, पण हात ओळखू येतो ना. लपणार आहे का? उशाशी वही ठेवतो, तिच्यात तो फोटो आहे. रोज बघतो. वाटतं, अजून त्यांना मी दिसतो.

फाटकाशी उभं राहणं थांबलं तेही या रंगकामानेच. म्हणजे वाट बघण्याचं दुखणं गेलं आणि माया राहिली. मी तर म्हणतो, बाईंचा सत्कार करायला हवा.

माझे आणखी चार पाठवतोय: कॉलेजचा, नोकरीच्या पहिल्या दिवसाचा, शिरस्त्राण घातलेला, आणि गेल्या वर्षीचा दाढीवाला. तेवढे रंगवून घे आणि लगेच धाड.

बारक्या


३ डिसेंबर

बारक्या,

थंडी वाढली आहे. बाबांना खोकला होता, उतरला. कंडक्टरबाई वारली. मंगळवारी तिची खुर्ची रिकामी होती, बाबांनी तिची काडी उचलून आपल्या काड्यांत ठेवली.

माझा शाळेतला आणि स्टुडिओचा फोटो पाठवते आहे. तुझ्या चारांवर पाणी सांडलं.

ताई


१९ डिसेंबर

ताई,

चारही फोटोंवर पाणी? एकाच वेळी? तुला खोटं कधीच धड बोलता आलं नाही. लहानपणी तू साखर खाल्लीस तरी आईच्या आधी तुझे कान लाल व्हायचे.

काय झालंय? फाडले का त्यांनी? रागावलेत का माझ्यावर? आलो नाही म्हणून? असेल तर असू दे, मला फाटलेले पाठव. पण लपवू नकोस. इथे बोगद्यात दिवसाचे दहा तास अंधार असतो, वर आणखी तुझा नको.

बारक्या


८ जानेवारी

बारक्या,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जे येईल ते.

फोटो फाडले नाहीत, पाणीही सांडलं नाही. चारही रंगवून तयार आहेत आणि सुंदर आहेत. पण तुझ्या एकाही डोळ्यात ठिपका नाही. सायकलवरच्याही नव्हता. तो मी दिला. आरशासमोरच्या दिव्याखाली बसून, श्वास रोखून. डावा मोठा झाला कारण माझा हात हलला. तू ओळखलास तो हात माझा होता.

का ते आता सांगते. ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी पाच वाजले की ते फाटकाशी जायचे. "बारक्या आला नाही अजून. कॉलेज सुटून तास झाला." आत आणायला गेले की गज धरून ठेवायचे. रोज. पावसात, उन्हात. लोक जाता-येता बघायचे. मी समजावलं, तू दूर आहेस, येणार आहेस. ते पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारायचे, आणि 'येणार आहे' हे प्रत्येक वेळी मला सांगावं लागायचं, मला, जिला ते खरं वाटत नव्हतं. शेवटी एक दिवस मला कामावरून यायला उशीर झाला, आल्या आल्या मी तशीच फाटकाशी गेले. त्यांनी मला ढकललं, मी पडले, मनगट मुरगळलं. आणि मी ओरडले, "तो गेला, बाबा! मेला तो! आता आत चला!"

ते लगेच गज सोडून आत आले. खुर्चीवर बसले. शांतपणे विचारलं, "कशाने?" मला तिथे थांबता आलं असतं. मी म्हटलं, "बोगद्यात."

दुसऱ्या दिवशी मी चहा देताना चोरट्यासारखी त्यांच्याकडे बघत होते. काही नाही. विसरले असं वाटलं. सगळंच विसरतात, हेही विसरले. पण ते फाटकाशी गेले नाहीत, पुन्हा कधीच नाही. माझं पहिलं पत्र काढून बघ, वर्ग सुरू व्हायच्या आधीच ते थांबलं होतं. चित्रांनी नाही थांबवलं. मी थांबवलं.

माझं नाव त्यांना आठवत नाही, सकाळचं जेवण आठवत नाही, बायको गेलेली आठवत नाही. नेमकं हेच कसं राहिलं? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शब्द जातात, पण धक्का राहतो.

मी तुला सांगणार नव्हते. ठिपके मीच देत राहिले असते. पण तू म्हणालास, अजून त्यांना मी दिसतो. त्यापुढे माझा हात चालेना.

ताई


२० जानेवारी

ताई,

मला मारायचा अधिकार तुला कुणी दिला?

हे वाक्य लिहून चार दिवस झाले. खोडत नाही, कारण ते खरं आहे. पण त्याखाली हेही लिहितो की ज्या माणसाची रोज पाच वाजता वाट बघितली जात होती, तो तीन वर्षं 'टप्पा उरकला की' म्हणत होता.

साहेबाला रजा मागितली नाही, सांगितली. शनिवारी निघतोय. मी समोर उभा राहिलो की संपलं सगळं. माणूस जिवंत आहे हे बघायला स्मरणशक्ती कशाला लागते?

बारक्या


१८ फेब्रुवारी

ताई,

पोचलो. निघताना स्टेशनवर तू डब्याच्या खिडकीतून पाण्याची बाटली दिलीस, तेवढंच. आपल्या घरात माया अशीच दिली जाते.

पहिल्या दिवशीचं तू पाहिलंसच. "बाबा, मी बारक्या," म्हटलं आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "त्याचं नाव घेऊ नका हो," म्हणाले, अगदी विनवून. मग मी पुन्हा घेतलं नाही.

शुक्रवारचं मात्र तुला सांगितलेलं नाही. तू कामावर होतीस, मीच त्यांना वर्गाला नेलं. मी समोरच्या स्टुलावर बसून त्यांच्यासाठी काड्यांना कापूस गुंडाळत होतो. सुरुवातीला ढिला होत होता, त्यांनी हात धरून दाखवलं. हात उबदार होता. तासभर आम्ही असेच बसलो. माझ्या आयुष्यात मी त्यांच्याजवळ इतका वेळ कधी बसलो असेन असं वाटत नाही. ते खूश होते, ताई. खरंच खूश. गुणगुणत होते. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघायचे तसं, आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

'कुणी नाही' म्हटलं असतं तर पुढे कोण, कुठून आलात, सगळं आलं असतं आणि त्यांनी पुन्हा हात जोडले असते. तोंडातून निघून गेलं, "वडील."

त्यांनी काडी खाली ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फोटो आणा. मी चांगला करून देतो. तुम्ही काळजी करू नका." मी तिथे रडलो. बाईंनी लांबून बघितलं आणि तेव्हाच आमचा एक फोटो काढला.

तुझ्यावर रागावायला माझ्याजवळ आता काही उरलं नाही. तू ओरडून केलंस, मी हळू आवाजात केलं.

बारक्या


२९ मार्च

बारक्या,

बाईंनी तो फोटो काळा-पांढरा छापून आणला. मला न विचारता टेबलावर ठेवला. तुम्ही दोघं: तू डोळे सुजलेला, आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवलेले बाबा.

आधी सांगते, तब्येत उतरली आहे. दोनदा ताप येऊन गेला. घास भरवावा लागतो. शब्द तुटक झालेत. डॉक्टर आता टप्प्यांची भाषा करत नाहीत, नुसती मान हलवतात. तरी काडी हातात दिली की बोटं चालतात. पूर्वी एका बैठकीत जे झालं असतं त्याला नऊ दिवस लागले.

तुला त्यांनी ओळखलं. म्हणजे, "हे ते गिऱ्हाईक," असं म्हणाले. "भला माणूस. वडील गेले त्यांचे." मग फोटोतल्या म्हाताऱ्यावर, म्हणजे स्वतःवरच, बोट ठेवून मला विचारलं, "हेच ना ते?" मी हो म्हटलं. जिवंत माणसाला गेलेला म्हणायचं, तेवढं एकच मी पुन्हा केलं, बघ.

त्या म्हाताऱ्यावर त्यांनी सगळं आपलं कसब ओतलं. कपाळावरच्या सुरकुत्या एकेक राखल्या. कानाच्या पाळीला गुलाबी दिला, पांढऱ्या केसांत किंचित निळा. "चेहरा साफ आहे. मुलावर जीव असणार," म्हणाले. चार दिवसांपूर्वी शेवटचा बारीक ब्रश मागितला. मी पांढरा रंग काचेवर काढून दिला. तुझ्या उजव्या डोळ्यात ठिपका दिला. मग डाव्या. दोन्ही एकसारखे, रतीभर हललेले नाहीत. "आता बघायला लागले," म्हणाले.

मग ब्रश पुसला आणि ठेवून दिला.

फोटोत तुझे डोळे बघतात. त्यांचे नाहीत. ते झोपल्यावर मी ब्रश हातात घेतला होता. पण या वेळी मी तो फोटोला लावला नाही.

मागे पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं: 'वडील. हाती द्यावा.'

म्हणून फोटो पोस्टाने पाठवत नाही. तो माझ्याकडेही नाही. त्यांनी पाकिटात घालून स्वतःजवळ ठेवलाय, मला घेऊ देत नाहीत. दिवसातून दहा वेळा विचारतात, "ते गिऱ्हाईक आलं का?" मी सांगते, "येणार आहेत."

परवापासून ते पाच वाजले की भिंत धरत धरत फाटकाशी जातात आणि पाकीट छातीशी धरून उभे राहतात. मी त्यांना आत ओढत नाही. तिथे खुर्ची नेऊन ठेवली आहे.

ताई